जुन्या संगणकात दुसरा डीव्हीडी ड्राइव्ह : तबकड्यांतील आठवणी जतन करण्याचा एक मार्ग

इतिहासाचा अभ्यास साधनांपासून सुरू होतो. ताम्रपट, शिलालेख, दफ्तरे, पत्रव्यवहार ही साधने ज्यांच्या हाती होती, त्यांचा इतिहास तपशिलाने लिहिला गेला. ज्यांच्या घरात अक्षर उशिरा पोहोचले, त्यांच्याविषयी इतरांनी काय लिहून ठेवले यावरच अभ्यासकाला भिस्त ठेवावी लागते. आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरी आजोबांचे छायाचित्र नाही. आजीचा आवाज तर नाहीच नाही. अशा घरात स्नेहसंमेलनाची किंवा पालक मेळाव्याची एखादी सीडी असेल, तर त्या कुटुंबाच्या हाती असलेले ते बहुधा पहिलेच दृक्-श्राव्य साधन होय.

या शतकाच्या पहिल्या दशकात गावोगावचे व्हिडिओ चित्रीकरण करणारे लोक कार्यक्रम संपल्यावर सीडी किंवा डीव्हीडी करून देत असत. आज त्या तबकड्या कपाटात, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्याची जागा घेतलेल्या पुस्तकांच्या फळीवर पडून आहेत. नव्या लॅपटॉपला त्या घालण्याची खाचच नसते आणि मोबाइलचा तर प्रश्नच येत नाही. दुसरीकडे अनेक शाळांच्या संगणक कक्षात जुने डेस्कटॉप संगणक भंगारात जाण्याची वाट पाहत उभे असतात. या दोन गोष्टी एकत्र आणता येतील का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसरा डिस्क ड्राइव्ह कसा बसवावा आणि त्याच्या साहाय्याने तबकड्यांच्या प्रती कशा घ्याव्यात, याची माहिती माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांना व्हावी, एवढाच हेतू आहे.

तबकडी खराब का होते?

सीडी बाजारात आली १९८२ साली. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी ती संयुक्तपणे विकसित केली होती. तिचा व्यास १२ सेंटिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या डीव्हीडीचा आकार तोच राहिला. परंतु तिच्यावरील नोंदींच्या रेषा अधिक दाट आहेत. त्यामुळे सीडीवर साधारण ७०० मेगाबाइट मावतात, तर साध्या एकपदरी डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट. सीडी वाचण्यासाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरतात, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर. ज्या जुन्या संगणकात केवळ सीडी ड्राइव्ह आहे, त्यात डीव्हीडी चालत नाही, याचे कारण हे आहे. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये मात्र दोन्ही लेसरांची सोय असते.

कारखान्यात छापलेल्या चित्रपटाच्या सीडीत आणि आपल्या कार्यक्रमाच्या सीडीत एक महत्त्वाचा फरक आहे. छापील सीडीत नोंदी सूक्ष्म खळग्यांच्या रूपाने कोरलेल्या असतात. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडीत एका सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो आणि लेसरच्या उष्णतेने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी हळूहळू बिघडते. पत्र्याच्या घरातील उन्हाळे आणि कोकणातील पावसाळे सोसलेल्या तबकड्यांना म्हणूनच अधिक धोका आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, सीडीचा नोंदीचा थर चकाकणाऱ्या बाजूला आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो वरच्या, नाव लिहिण्याच्या बाजूच्या लगेच खाली असतो. खालच्या प्लास्टिकवरील बारीक ओरखडा पुष्कळदा निभावून जातो; वरच्या बाजूला बॉलपेनने जोर देऊन लिहिलेले नाव मात्र थेट नोंदींवर आघात करते. डीव्हीडीमध्ये हा थर दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असल्याने ती या बाबतीत थोडी सुरक्षित असते.

दुसरा ड्राइव्ह कशासाठी?

एक ड्राइव्ह असताना दुसरा कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याची तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर वर आलेच आहे. जुन्या यंत्रात फक्त सीडी वाचणारा ड्राइव्ह असेल, तर डीव्हीडी रायटर जोडल्याने दोन्ही प्रकारच्या तबकड्यांची सोय होते. दुसरे उत्तर कामाच्या सोयीचे आहे : एका ड्राइव्हमध्ये मूळ तबकडी आणि दुसऱ्यात कोरी तबकडी ठेवून काम सलग करता येते. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक ड्राइव्हचे भिंग, लेसर आणि चुका दुरुस्त करण्याची क्षमता सारखी नसते. एका ड्राइव्हला न वाचता आलेला भाग दुसरा ड्राइव्ह वाचू शकतो.

याचा अनुभव एका माजी विद्यार्थिनीच्या डीव्हीडीच्या वेळी आला. पालक मेळाव्यात तिच्या वडिलांनी केलेले चार-पाच मिनिटांचे मनोगत तीत होते. वडील आता हयात नाहीत आणि त्यांच्या आवाजाची दुसरी नोंद कुटुंबाकडे नाही. संगणकातील ड्राइव्ह ती डीव्हीडी निम्म्यापर्यंत वाचून थांबत असे. त्याच यंत्रात वेगळ्या कंपनीचा दुसरा ड्राइव्ह जोडल्यावर राहिलेल्यापैकी बराच भाग वाचला गेला. मनोगताचा शेवट हाती आला नाही. सुरुवातीचा बहुतेक भाग आला. आपल्या मुलीचे नाव घेऊन ते जे बोलले, ते त्या भागात आहे.

आधी काय पाहावे?

ज्याला आपण सवयीने सीपीयू म्हणतो, त्या कॅबिनेटच्या दर्शनी भागाकडे पाहावे. सध्याच्या ड्राइव्हच्या वर किंवा खाली तेवढ्याच रुंदीचे प्लास्टिकचे झाकण असेल, तर तेथे सव्वापाच इंची ड्राइव्हची आणखी एक जागा आहे असे समजावे. अगदी बारीक, आडव्या कॅबिनेटमध्ये अशी जागा सहसा नसते.

त्यानंतर बाजूचा पत्रा काढून सध्याच्या ड्राइव्हला कोणती डेटा केबल जोडली आहे ते पाहावे. केबल चपटी, रुंद पट्टीसारखी असेल, तर ती आयडीई पद्धतीची. तिच्या टोकाला ४० पिनांची जागा असते. केबल बोटभर रुंद आणि टोकाशी लहान असेल, तर ती साटा पद्धतीची. साटा पद्धत २००३ च्या सुमारास बाजारात आली. त्यामुळे त्यापूर्वीच्या यंत्रांत आयडीई आणि त्यानंतरच्या काही वर्षांतील यंत्रांत दोन्ही आढळतात. आपल्या मदरबोर्डवर ज्या प्रकारची जागा मोकळी आहे, त्याच प्रकारचा ड्राइव्ह घ्यावा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली अशा बाजारांत तसेच तालुक्याच्या ठिकाणी संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे चौकशी केल्यास जुना ड्राइव्ह मिळू शकतो. घेण्यापूर्वी तो दुकानातच जोडून, आपलीच एखादी तबकडी वाचून पाहावी.

शेवटी, एसएमपीएसमधून निघालेल्या तारांपैकी एक जोड मोकळा आहे का ते पाहावे. आयडीई ड्राइव्हला चार तारांचा मोठा पांढरा जोड लागतो. त्यातील पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या अर्थिंगच्या. साटा ड्राइव्हला चपटा जोड लागतो. तो नसेल, तर चार तारांच्या जोडाला लावता येणारा रूपांतरक मिळतो.

प्रत्यक्ष जोडणी

संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करावा, भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा आणि संगणक सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कोणताही भाग हाताळण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग न दिलेल्या पत्र्याला हात लावावा. अंगावरील स्थिर विद्युतभार त्यामुळे उतरतो. विद्यार्थी सोबत असतील, तर त्यांना एक गोष्ट निक्षून सांगावी : एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक विद्युतभार काही काळ टिकून राहतो.

ड्राइव्ह आयडीई पद्धतीचा असेल, तर एका केबलवर दोन उपकरणे बसतात आणि त्यांतील पहिले कोणते व दुसरे कोणते हे ड्राइव्हच्या मागील बाजूच्या छोट्या जंपरने ठरवावे लागते. तेथे एमए, एसएल आणि सीएस अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. एमए म्हणजे मास्टर आणि एसएल म्हणजे स्लेव्ह. यंत्राच्या दोन भागांना मालक आणि गुलाम ही नावे द्यावीत, हे वाचताना आपल्यासारख्यांना खटकल्याशिवाय राहत नाही. ते इतरांनाही खटकले होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रशासनाने २००३ साली आपल्या पुरवठादारांना हे शब्द टाळण्याची सूचना केली होती. तांत्रिकदृष्ट्याही ती नावे चुकीचीच आहेत, कारण दोन्ही ड्राइव्हमध्ये स्वतःचे नियंत्रक असते आणि एक दुसऱ्यावर हुकूम चालवीत नाही. विद्यार्थ्यांना शिकवताना ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ असे म्हटले तरी काम अडत नाही.

बहुतेक जुन्या संगणकांत हार्ड डिस्क एका केबलवर आणि सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर असतो. नवा ड्राइव्ह सीडी ड्राइव्हच्या केबलवर दुसरा म्हणून जोडावा. त्याचा जंपर एसएलवर आणि आधीच्या ड्राइव्हचा जंपर एमएवर असावा. केबलच्या शेवटच्या टोकाला पहिला आणि मधल्या जोडाला दुसरा, असा क्रम ठेवावा. दोन्ही जंपर एकाच जागी राहिले, तर दोहोंपैकी एक किंवा दोन्ही ड्राइव्ह दिसेनासे होतात. साटा पद्धतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र केबल असते आणि जंपर लावावा लागत नाही.

यानंतर दर्शनी भागाचे प्लास्टिकचे झाकण काढावे. त्यामागे बहुधा पत्र्याची पट्टी असते. ती हलवून मोकळी करावी. तिच्या कडा धारदार असतात, म्हणून फडक्याने धरावे. ड्राइव्ह पुढच्या बाजूने आत सरकवून त्याचे तोंड शेजारच्या ड्राइव्हच्या रेषेत आणावे आणि दोन्ही बाजूंनी दोन-दोन स्क्रू लावावेत. येथे बारीक आट्यांचे आखूड स्क्रू लागतात. हार्ड डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात. ते जोराने पिळल्यास ड्राइव्हचे आटे कायमचे खराब होतात.

आता केबल जोडावी. आयडीई केबलची एक कड लाल असते. ती ड्राइव्हच्या वीजजोडाच्या बाजूला यावी. बहुतेक केबलच्या जोडावर एक उंचवटा आणि ड्राइव्हवर त्याच मापाची खाच असते. वीजजोडाचे दोन कोपरे कापल्यासारखे असतात. साटाचा जोड इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा असतो. या सर्व खुणा चुकीच्या दिशेने जोड बसू नये म्हणूनच दिलेल्या आहेत. जोड बसत नसेल, तर जोर लावू नये, दिशा तपासावी.

सुरू करून तपासणी

पत्रा बसवण्यापूर्वीच प्लग लावून संगणक सुरू करावा. आत हात घालू नये. ड्राइव्हचे बटण दाबल्यावर ट्रे बाहेर आला, म्हणजे वीज मिळाली. ट्रे आला नाही, तर संगणक बंद करून, प्लग काढून वीजजोड घट्ट करावा. सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबल्यास बायोसचा पडदा येतो. तेथे दोन्ही ड्राइव्हची नावे दिसली पाहिजेत. ट्रे उघडतो पण नाव दिसत नाही, तर दोष डेटा केबलमध्ये किंवा जंपरमध्ये शोधावा. बायोसमध्ये नाव आले की विंडोज किंवा लिनक्स ड्राइव्हला आपोआप ओळखते; वेगळे सॉफ्टवेअर घालावे लागत नाही.

विंडोज एक्सपी असलेल्या यंत्रात कधी कधी नवा ड्राइव्ह फार संथ चालतो. वारंवार चुका आल्यास एक्सपी त्या केबलची गती उतरवून पीआयओ नावाच्या जुन्या पद्धतीवर नेते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सेकंडरी आयडीई चॅनेलच्या गुणधर्मांत जाऊन ‘उपलब्ध असल्यास डीएमए’ हा पर्याय निवडला आहे ना, ते पाहावे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ पासून सुरक्षा पुरवणे थांबवले आहे. असे यंत्र इंटरनेटला न जोडता केवळ याच कामासाठी ठेवणे शहाणपणाचे.

एखादी तबकडी आत अडकून ट्रे उघडेनासा झाला, तर संगणक बंद करून ड्राइव्हच्या तोंडावरील सुईएवढ्या छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन हळूच दाबावी. ट्रे थोडा बाहेर येतो व मग हाताने ओढता येतो.

प्रत घेताना

प्रथम तबकडी स्वच्छ करावी. मऊ, कोरड्या सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे. गोल गोल पुसल्यास ओरखडा नोंदींच्या रेषेला समांतर पडतो आणि तो अधिक हानिकारक ठरतो.

थेट तबकडीवरून तबकडी करण्यापेक्षा आधी हार्ड डिस्कवर प्रत घेणे इष्ट. दोन्ही ड्राइव्ह एकाच आयडीई केबलवर असतील, तर एका वेळी एकच बोलू शकतो. वाचन अडखळले तर लेखनही बिघडण्याची शक्यता असते. डीव्हीडीची संपूर्ण प्रतिमा एकाच फाइलमध्ये घेण्यासाठी विंडोजवर इमगबर्न आणि लिनक्सवर के३बी किंवा ब्रासेरो हे कार्यक्रम विनामूल्य मिळतात. गाण्यांची सीडी आणि व्हिडिओ सीडी यांची रचना निराळी असल्याने त्यांची साधी आयएसओ प्रतिमा उपयोगी पडत नाही. तेथे बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी घ्यावी.

खराब झालेल्या डीव्हीडीसाठी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू हा कार्यक्रम विशेष उपयुक्त आहे. तो आधी सहज वाचता येणारा सर्व भाग घेतो, न वाचलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि नंतर फक्त त्याच जागा पुन्हा वाचून पाहतो. तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच नोंद पुढे चालवली, तर दोन्ही ड्राइव्हनी वाचलेले तुकडे एकाच प्रतीत जमा होतात. वर सांगितलेले मनोगत याच रीतीने हाती आले. घाई करू नये. एका वाईट तबकडीला काही तासही लागू शकतात.

जागेचा हिशेब आधी करावा. शंभर सीडींना सुमारे ७० गिगाबाइट लागतील. शंभर भरलेल्या डीव्हीडींना ४७०. जुन्या संगणकातील ८० गिगाबाइटच्या हार्ड डिस्कवर जेमतेम पंधरा डीव्हीडी मावतील. म्हणून बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क आधीच आणून ठेवावी. ती किंवा पेन ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने तयार केलेला असेल, तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. एनटीएफएस पद्धत निवडावी.

प्रत झाली की ती उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. फाइलला वर्ष, कार्यक्रम आणि ठिकाण असे नाव द्यावे आणि सोबत एका वहीत तबकडी कोणाकडून आली, त्यात कोण कोण दिसते, हे लिहून ठेवावे. चेहरे ओळखणारी माणसे आज आपल्यात आहेत, पुढे असतीलच असे नाही. नाव नसलेला चेहरा अभ्यासकाच्या फारसा उपयोगी पडत नाही. प्रती किमान तीन ठिकाणी ठेवाव्यात : एक शाळेत, एक त्या कुटुंबाकडे आणि एक दूरच्या गावी. मूळ तबकडीही टाकू नये. हे सारे आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या तबकड्यांसाठी आहे. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या किंवा गाण्यांच्या प्रती काढून वाटणे कायद्याला धरून होणार नाही.

समारोप

यूएसबीने जोडण्याचा बाहेरचा ड्राइव्ह बाजारात मिळतो आणि ज्याच्याकडे केवळ लॅपटॉप आहे त्याने तो अवश्य घ्यावा. शाळेसाठी मात्र जुना डेस्कटॉप अधिक उपयोगाचा आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींना यंत्र उघडून, त्याचे भाग ओळखून, स्वतःच्या हातांनी जोडण्याची संधी त्यातून मिळते. संगणक म्हणजे दुसऱ्याने बनवलेली आणि दुसऱ्यानेच दुरुस्त करायची वस्तू, ही भीती एकदा स्क्रूड्रायव्हर हाती घेतला की जाते. शिवाय ज्या तबकडीची प्रत ते काढतील, तीत त्यांना त्यांच्याच वसतिगृहात, त्यांच्याच वयाचे असलेले आपले मोठे भाऊ-बहिणी, काका-मावश्या दिसतील.

माजी विद्यार्थी आणि पालक यांना एवढीच विनंती आहे की, घरातील कपाटे एकदा उघडून पाहावीत. शाळेच्या कार्यक्रमाची तबकडी सापडली, तर ती वाचत नाही म्हणून फेकू नये. एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरा ड्राइव्ह वाचू शकतो. मात्र रंगद्रव्य पूर्ण उतरल्यावर कोणताच ड्राइव्ह उपयोगी पडणार नाही. हे काम येत्या उन्हाळ्याच्या आत व्हावे, असे वाटते.